बरणीवरचं नाव

छबूबाईंना काचेत ठेवलं होतं. तशी खोली ऐसपैस होती. खाली शहाबादी फरशी, मातीची दिसणारी पण आत गॅसची शेगडी लपवलेली चूल, पितळी कढई, डेरा, रवी, आणि भिंतीवर पैसे देऊन काढून घेतलेली वारली चित्रं, जशी काही त्यांच्या चऱ्होली गावात घराघरांत ती असायचीच. चौथी भिंत तेवढी काचेची. चाकणच्या त्या कारखान्यात कुणीही आलं की आधी या काचेपुढं आणून उभं करायचे. बाहेरचं आत ऐकू येत नसे आणि आतलं बाहेर. बघणाऱ्यांनी हात हलवला की आपणही हलवायचा, हे छबूबाईंना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. सत्तरीच्या बाईला हात हलवायला शिकवणारी माणसं धन्यच म्हणायची, पण त्या शिकल्या.

कारखान्यातून जी बरणी बाहेर पडायची तिच्यावर त्यांचा फोटो असायचा, डोईवर पदर घेतलेला, आणि खाली ठसठशीत अक्षरांत, 'छबूआजीचं रवाळ तूप'.

ही बाई काचेत आली कशी, ते सांगायला हवं. चऱ्होलीला त्यांच्या सासरची जमीन होती, गोठा होता, घरात दुधातुपाला तोटा नव्हता. मालक, म्हणजे कोंडाजी, गेले आणि त्यांच्या मागोमाग जमीनही गेली. मुलगा रविराजनं ती बिल्डरला दिली आणि तिच्यावरच उभ्या राहिलेल्या सोसायटीत वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. गोठा होता तिथं आता निळ्या पाण्याचा पोहायचा तलाव आहे. रविराज दिवसभर लोकांना प्लॉट दाखवत हिंडायचा, सून मोनिका हिंजवडीला नोकरीला. दोघंही वाईट नव्हती. पण दिवसभर छबूबाई घरात एकट्या, आणि घरही असं की दार लावलं की जग संपलं. दुपारी फ्रीज गुरगुरायला लागला की त्यांना बरं वाटायचं. निदान कुणीतरी बोलतंय.

आणि नावाचं म्हणाल तर तेही असंच कुठंतरी पडून राहिलं होतं. लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात दुसरंच नाव लिहिलं होतं, ते पुढं कुणी उच्चारलंही नाही. सासू 'धाकटे' म्हणायची, मालक 'अगं' म्हणायचे, गाव 'रविराजची आई' म्हणायचं. सोसायटीत त्या 'आँटी' झाल्या. छबू म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, हिंजवडीजवळ माण गावात दिलेली थोरली बहीण कौशल्याबाई. ती रोज दिवेलागणीला फोन करायची. पहिलं वाक्य ठरलेलं.

"छबू, हायेस न्हवं?"

"हाय आक्का, हाय."

दोन म्हाताऱ्यांची ती हजेरी होती म्हणा ना. मग भाजी काय केली, गुडघा कसा आहे, एवढंच बोलणं, पण तेवढ्यावर छबूबाईंचा दिवस पार पडायचा.

अशात एक दिवस जयदीप आला. जुन्या शेजारच्या मारुतरावांचा हा मुलगा. लहानपणी भिंतीवरून उडी टाकून छबूबाईंच्या स्वयंपाकघरात घुसायचा, आता शिकून मोठा झाला होता आणि चाकणला त्यानं तुपाचा कारखाना काढला होता.

"आजी, तुमचं तूप खाऊन मी वाढलो," तो म्हणाला. "हे तूप आता सगळ्या महाराष्ट्रानं खाल्लं पाहिजे. करायचं तुम्हीच, आणि नावही तुमचंच द्यायचं."

"नाव कुठलं लिव्हनार?"

"छबूआजी."

"छबू?" त्यांनी पुन्हा विचारलं. पगाराचं त्यांनी काही विचारलं नाही. ते आणि कागदपत्रं रविराजनं बघितली. पहिली बरणी घरी आली तेव्हा त्या अक्षरांवरून बोट फिरवत कितीतरी वेळ बसल्या होत्या. माणसाला म्हातारपणी काय हवं असतं, तर कुणीतरी नावानं हाक मारावी. इथं तर दुकानादुकानांत मारत होते.

रोज सकाळी कंपनीची गाडी त्यांना मोशीवरून चाकणला घेऊन जायची. किसन नावाचा हमाल सायीचे कॅन आणून ठेवायचा. मग त्या विरजण लावायच्या, घुसळायच्या, लोणी पाण्यातून धुवून काढायच्या आणि मंद आचेवर कढवायच्या. तुपाला रंग आला की त्यात विड्याचं पान सोडायचं, पान तडतडलं की गॅस बंद. तूप गाळून झाल्यावर कढईच्या तळाशी जी तांबूस बेरी उरते, ती त्या वाटीत काढून ठेवायच्या. तिला गिऱ्हाईक ठरलेलं होतं. चहाच्या सुट्टीत मिनल यायची आणि बेरीवर साखर घालून वाटी चाटूनपुसून खायची.

मिनल ही क्वालिटीची मॅडम. पिंपरीच्या संत तुकाराम नगरची. वडील तिकडच्याच एका कारखान्यात कामगार होते, त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुलीला शिकवलं. माल बाहेर जाण्याआधी तिची सही लागायची, म्हणून सगळे तिला वचकून असत. पण काचेच्या खोलीत ती पायातले बूट काढून फरशीवर मांडी घालून बसायची. ती काही फार बोलायची नाही. छबूबाईंना तेही चालायचं.

तूप बरण्यांत भरायचं, झाकणाला सील लावायचं आणि दाराशेजारच्या रॅकवर मांडायचं, हेही काम छबूबाईंचंच. त्याला सगळे 'समोरचा रॅक' म्हणत. भिंतीपलीकडं मोठा हॉल होता, तिथं टँकर यायचे, मशिनी धडधडायच्या आणि बाजारातल्या बरण्या भरल्या जायच्या. "पद्धत तुमचीच आजी, फक्त हात मशीनचे," असं जयदीपनं सांगितलं होतं. एकदा त्या हॉल बघायला निघाल्या, तर "तिकडं फरशी ओली असते, पाय घसरेल," म्हणून त्यानं हाताला धरून परत आणून बसवलं. छबूबाईंना बरंच वाटलं. आपला पाय घसरेल याची काळजी आताशा करतं कोण?

थंडीच्या दिवसांत कौशल्याबाईंची नातसून बाळंत झाली. त्या संध्याकाळी फोनवर आक्काचा आवाज नुसता ओसंडत होता.

"छबू, डिंकाचे लाडू करायचेत. तुझीच मोठी बरणी आनली दुकानातनं. दुकानदाराला म्हनलं, ही फोटूतली मपली सख्खी बहीन हाय. त्याला खरंच वाटंना!"

"आगं, मला सांगायचं, मी आनून दिली असती."

"का? मला इकत घ्यायची होती," आक्का म्हणाली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच फोन बंद झाले. दिवेलागण व्हायची, छबूबाई फोन मांडीवर घेऊन बसायच्या, आणि फोन आपला गप्प. शेवटी त्यांनीच लावला तर आक्का म्हणाली, "बरी हाय, कामात हाय," आणि ठेवून दिला. लाडू कसे झाले, एवढं विचारायचंही राहून गेलं. आता आक्का काही रुसणारी बाई नव्हती. रुसलीच तर तोंडावर चार शिव्या देऊन मोकळी होणारी. म्हणून तर छबूबाईंच्या जिवाला घोर लागला.

बारशाला त्या माणला गेल्या. चारी बाजूंनी काचेच्या उंच इमारती आणि मधे आक्काचं पत्र्याचं घर. पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, पंगत बसली. आक्का स्वतः सगळ्यांच्या भातावर तूप वाढत होती, स्टीलच्या भांड्यातून. दोघी बहिणी मागाहून जेवायला बसल्या. छबूबाईंच्या पानात स्टीलच्या भांड्यातलं तूप पडलं. आणि मग आक्कानं पिठाच्या डब्यामागं हात घालून बरणी काढली, स्वतःच्या भातावर चमचाभर घेतलं आणि चटकन परत सारली. छबूबाईंना पदर घेतलेला आपलाच फोटो दिसला.

"आक्का, मला बी त्यातलं वाढ की."

"ह्येच घे. ह्ये ताजं हाय."

छबूबाईंनी ऐकलं नाही. हात लांब करून बरणी घेतली आणि बोटभर तोंडात घातलं. आधी नाकात अत्तरासारखा वास शिरला. मग ते टाळूला मेणासारखं चिकटलं, ते काही वितळेना. हे तूप नव्हतंच. त्यांनी आक्काकडं पाहिलं. आक्का पानातला भात कालवत होती, वर बघायला तयार नाही.

"मशीनचं असतंय गं," ती म्हणाली. "जेव तू."

छबूबाई कशाबशा जेवल्या. परतताना रिक्षात त्यांना रडू आलं, ते या विचारानं, की आक्काला वाटत असणार हे मीच केलंय. पाहुण्यारावळ्यांना चांगलं वाढलं आणि बहिणीच्या नावाचं पिठाच्या डब्यामागं लपवलं. इतकी लाज वाटली तिला माझी.

दुसऱ्या दिवशी मिनल बेरीची वाटी घेऊन बसली तेव्हा छबूबाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं.

"मिनल, बाजारात जातंय ते तूप मी करते तसलं न्हाई. काय घालता त्यात?"

मिनलचा चमचा थांबला. तिनं एकदा काचेबाहेर बघितलं, मग खाली मान घातली.

"आजी, तुमचं तूप बाजारात जातच नाही."

"मग जातं कुठं?"

"तपासायला. सरकारी माणसं आली, मोठ्या दुकानांचे खरेदीवाले आले, की नमुना समोरच्या रॅकवरचा देतात. त्यांना चव द्यायची तीही त्यातलीच. मागं हॉलमध्ये पामतेल असतं, वनस्पती असतं, रंग आणि वास असतो. तुपाचं नावच."

"आन तू सही करतीस."

"करते. तुमच्या तुपावर करते." मिनलच्या डोळ्यांत पाणी आलं. "सही खरी असते आजी, तूपही खरं असतं. तेवढंच मनाला सांगते. बाबा अंथरुणावर आहेत, नोकरी सोडता येत नाही मला."

छबूबाईंना खरं तर संताप यायला हवा होता. पण ही पोरगी रोज इथं येऊन का बसत होती, हे त्यांना त्या क्षणी कळलं. साऱ्या कारखान्यात खरी वस्तू म्हणजे ती वाटीतली बेरी. त्यांनी तिच्यावर आणखी चमचाभर साखर घातली आणि वाटी पुढं सरकवली.

हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आपण दाखवायचा दात आहोत, हे कळल्यावर माणसाचं काय होतं ते छबूबाईंना विचारा. त्यांच्या हातून एक थेंब खोटा झाला नव्हता. त्या चोख होत्या म्हणूनच तर ते सगळं चाललं होतं. खोट्याला जेवढं खरं लागतं, तेवढं त्या रोज करून देत होत्या.

त्या जयदीपच्या केबिनमध्ये गेल्या. त्यानं उठून खुर्ची दिली, चहा मागवला आणि काही लपवलंही नाही.

"आजी, या भावात खरं तूप कुणालाच देता येत नाही. मी विकलं नाही तर दुसरा विकेल. आणि आजवर कुणाला काही झालंय का? लोक तुमचा फोटो बघतात, त्यांना आजोळ आठवतं, बरं वाटतं. तुमचं काम तर एकदम स्वच्छ आहे. तुम्ही कशाला त्रास करून घेता?"

"मग मपलं नाव काढ त्यावरनं."

"नाव आता कंपनीचं आहे आजी. रविराजदादांनी सही केलीये."

"मी येनार न्हाई उद्यापास्नं."

"नका येऊ, दमला असाल," तो मायेनं म्हणाला. "काचेत दुसऱ्या कुणा आजींना बसवू. बरणीवर मात्र तुम्हीच राहणार."

आणि निघताना वाकून त्यांच्या पाया पडला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

रात्री जेवताना त्यांनी रविराजला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "आई, एवढं काय त्या नावाचं? छबू म्हणून तुला ओळखतं तरी कोण?"

त्यानं वाईट मनानं विचारलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. ओळखणारं एक माणूस होतं. त्याचा फोन बंद होऊन किती दिवस झाले होते.

छबूबाई कामावर जात राहिल्या. दिवसभर रवी फिरवायच्या आणि मनात एकच गोष्ट घोळवायच्या. काम सोडलं तरी नाव सुटत नाही. ओरडून सांगावं तर काचेतून ऐकू जात नाही, आणि बाहेर जाऊन सांगावं तर तपासणारे पुन्हा समोरच्या रॅकवरचीच बरणी उचलणार, ती खरी निघणार आणि म्हातारीला भ्रम झालाय म्हणणार. नाव चांगलं ठेवायचं तर हे असंच चालू राहणार. हे थांबवायचं तर ते नाव आपणच आपल्या हातानं मातीत घालायचं. तिसरी वाट त्यांना काही सापडेना.

एका शनिवारी जयदीप दारात डोकावून म्हणाला, "आजी, मंगळवारी पाहुणे येणार आहेत. रॅक भरलेला ठेवा हं." पाहुणे म्हणजे कोण, ते आता त्यांना समजत होतं.

रविवारी त्या सोसायटीखालच्या दुकानात गेल्या आणि छबूआजीच्या तुपाच्या होत्या तेवढ्या बरण्या मागितल्या. दुकानदार हसायला लागला.

"काय आजी, स्वतःचंच तूप विकत घ्यायला लागलात?"

"बघते तरी, कसं केलंय मी," त्या म्हणाल्या.

सोमवारी पिशव्या गाडीत ठेवल्या. गाडीवाल्यानं काही विचारलं नाही. कंपनीचा माल कंपनीत चाललाय, त्यात विचारायचं काय? खोलीत गेल्यावर त्यांनी समोरच्या रॅकवरच्या बरण्या एकेक करून गरम पाण्यात ठेवल्या, पातळ झालेलं तूप कॅनमध्ये ओतलं आणि किसनला हाक मारली.

"ह्ये मागं मोठ्या टाकीत ओत."

किसननं कॅन उचलला आणि गेला. छबूबाईंच्या हातचं तूप अशा रीतीनं पहिल्यांदाच बाजाराला निघालं, विहिरीत लोटाभर का होईना.

मग त्यांनी पितळी कढई चुलीवर चढवली आणि विकत आणलेल्या बरण्यांवर हॉलचा शिक्का होता, म्हणून त्या तिच्यात रिकाम्या केल्या. या कढईत आजवर असलं काही पडलं नव्हतं, आणि त्यांना माणसापेक्षा कढईचीच जास्त शरम वाटली. सवयीनं विड्याचं पान हातात घेतलं, मग ठेवून दिलं. काचेबाहेर कुठल्याशा कॉलेजची मुलं उभी होती, फोटो काढत होती. त्यांनी हात हलवले. छबूबाईंनीही हलवला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी खोटं तूप कढवलं, रॅकवरच्या रिकाम्या बरण्यांत भरलं, सील लावलं आणि मांडून ठेवलं. कुणाला काही म्हणजे काही दिसलं नाही.

चहाच्या सुट्टीत मिनल आली. वाटी रिकामी होती.

"आज बेरी नाही?"

"आज पडली न्हाई."

मिनलनं कढईत डोकावलं. तळ लख्ख होता. लोणी कढवलं आणि बेरी पडली नाही, असं होत नाही. ती वळून रॅककडं बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आजी, नाव तुमचं जाईल."

"गेलंच हाय ते. आता निदान दिसंल तरी."

मिनलनं ती रिकामी वाटी उगाचच विसळली, पालथी घातली आणि बूट घालून निघून गेली. तिनं ठरवलं असतं तर सायंकाळपर्यंत रॅक बदलता आला असता. छबूबाई गाडीची वेळ होईपर्यंत तिची वाट बघत होत्या, पण ती परत आली नाही.

मंगळवारी अधिकारी आला. जयदीप हसतखेळत त्याला काचेपुढं घेऊन आला. अधिकाऱ्यानं हात हलवला नाही, नुसतं बघितलं. मिनलनं समोरच्या रॅकवरच्या बरण्या काढून त्याच्या हातात दिल्या. छबूबाईंचं तिच्या हातांकडं लक्ष होतं. ते कुठं अडखळले नाहीत. नमुने लाखेनं बंद झाले, सह्या झाल्या, आणि जयदीपनं जाताना आत बघून नेहमीसारखा अंगठा वर केला.

महिन्याभरानं त्याचं हसू गेलं. नमुना नापास झाला, अधिकारी पुन्हा आले, या खेपेला थेट मागच्या हॉलमध्ये घुसले आणि दाराला सील ठोकून गेले. पुढं खटला उभा राहील, चालेल, रेंगाळेल. कोर्टकचेऱ्या काही आपल्या म्हणण्यानं चालत नाहीत. पण बातमी मात्र एका दिवसात चऱ्होलीपासून माणपर्यंत पोचली. पेपरात कारखान्याचा फोटो नव्हता, जयदीपचाही नव्हता. पदर घेतलेल्या छबूबाईंचा होता, आणि वर मोठ्या अक्षरांत, 'छबूआजीच्या तुपात भेसळ'.

जयदीपनं दोन दिवसांत खुलासा काढला. सापडलेला नमुना आजींनी हातानं भरलेला होता, वयोमानानं त्यांच्याकडून गफलत झाली असावी, ग्राहकांच्या भावना लक्षात घेऊन त्यांचं नाव आणि फोटो कायमचा काढण्यात येत आहे. यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य खरं होतं. खोटं नेहमी असं मधे बसवलेलं असतं.

सोसायटीत बायका लिफ्टमध्ये गप्प व्हायच्या. कुणी ग्रुपवर लिहिलं, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मोनिकानं ते त्यांना वाचून दाखवलं नाही, पण तिच्या तोंडावरून समजलंच. रविराज म्हणाला, "आई, चार लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." त्यांनी त्याला खरं काय ते सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "हे आता कुणाला सांगू नकोस, आणखी हसतील." मिनल नोकरी सोडून गेली, असं किसनकडून कळलं. कुठं गेली ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

छबूबाई पुन्हा घरात बसू लागल्या. खाली तलावात पोरं ओरडायची, दार लावलं की तेही थांबायचं. फ्रीज तेवढा बोलायचा. आपण केलं ते बरोबर होतं, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. पण बरोबर केलेल्या गोष्टीला सोबत असतेच असं नाही. सगळ्यांत जास्त सलत होती ती आक्का. तिनं पेपर वाचला असणार. आधीच लाज वाटत होती, आता तर फोनमधला नंबरही पुसून टाकला असेल.

आणि एका दिवेलागणीला फोन वाजला.

"छबू," आक्काचा आवाज घोगरा होता. "पेपरात आलंय ते तू केलंस?"

"व्हय आक्का. मीच भरल्या त्या बरन्या." आणि मग एकदा बांध फुटला तसं त्यांनी सगळं सांगून टाकलं. समोरचा रॅक, मागचा हॉल, बेरी, मिनल, कढई.

"आक्का?"

"म्हंजी माझ्याकडली बरनी तुझ्या हातची न्हवती?"

"न्हाई गं. कदीच न्हवती."

"आगं बये!" आक्का म्हणाली. "मग आदी न्हाई का सांगायचं? मी समदं खाल्लं की ते!"

"काय खाल्लंस?"

"लाडू. डिंकाचे. घास खाली उतरंना. पोरीला कुठनं देनार, वली बाळंतीन ती. तिला दुसऱ्या तुपाचे केले. पन ते टाकू कुठं? तुझं नाव हुतं त्यावर, तुझा फोटू. तुझ्या नावाचं उकिरड्यावर कसं टाकू? कुनाला दिसू बी दिलं न्हाई, न्हाईतर म्हनले असते, हिच्या बहिनीनं असलं तूप केलं. रोज एक मीच खाल्ला. पोट धरून बसले, पन संपवले. आन फोनवर तोंडातनं काय तरी निसटंल, तुला लागंल, म्हनून फोन बी केला न्हाई."

बारशाच्या दिवशी पिठाच्या डब्यामागून निघालेली ती बरणी आणि तो चमचा छबूबाईंच्या डोळ्यांपुढं आला. त्यांनी तोंडात पदर कोंबला.

"आजून निम्मी बरनी हाय," आक्का म्हणाली.

"टाकून दे, आक्का."

"थांब जरा. बरनीवरला कागद काडू दे आदी."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. मग भांड्यात पाणी ओतल्याचा, मग बराच वेळ नखानं हळूहळू सोलल्याचा. छबूबाई फोन कानाला घट्ट लावून बसल्या होत्या. अंधार पडायला लागला होता, त्यांनी दिवाही लावला नव्हता.

"निघाला बघ," लांबून आक्काचा आवाज आला. "कुठं फाटला न्हाई. ट्रंकेत ठिवते." मग परसदाराची कडी वाजली, काहीतरी जड, घट्ट असं जमिनीवर पडलं, आणि रिकामी बरणी घासल्याचा खरखर आवाज आला. आक्का धापा टाकत परत फोनवर आली.

"छबू, हायेस न्हवं?"

"हाय, आक्का," छबूबाई म्हणाल्या. "हाय."